चिठ्ठी नको, आयोग हवा
(पनवेल येथील युवा मेळाव्यातील भाषण)



पनवेलहून लोकल पकडली की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर आणि मग बेलापूर. तिथं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय आहे. अंतर चार स्टेशनांचं, तरी आपल्या घरांत अजून विचारतात, "तिथं आपलं कोण आहे?"

हा प्रश्न कुणालाच पडू नये, म्हणून तर संविधानात कलम ३१५ ते ३२३ आहेत. आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतात, पण राज्य सरकार त्यांना काढू शकत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल, तर राष्ट्रपतींना प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं. आयोगाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर टाकलेला आहे, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. मुदत संपल्यावर लोकसेवा आयोगांबाहेरची सरकारी नोकरीही त्यांना घेता येत नाही. उद्याच्या खुर्चीसाठी आज कुणाचं मन राखायला नको.

भिंत पक्की आहे, पण तिला फटी आहेत. राज्यपाल नेमणूक करतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. म्हणजे जागा रिकामी ठेवणंही सरकारच्याच हातात. २०२१ मध्ये सदस्यांच्या जागा रिकाम्या होत्या, मुलाखती रखडल्या होत्या. शेवटी ३१ जुलैपर्यंत जागा भरू, असं सरकारला विधानसभेत सांगावं लागलं.

त्याच वर्षी १४ मार्चची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. कारण कोरोनाचं, आधार सरकारी खात्याच्या पत्राचा. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, मुख्यमंत्र्यांनी आठवड्यात परीक्षा घेऊ असं जाहीर केलं आणि २१ मार्चला ती झाली. झाली ते बरंच झालं. पण तारीख आयोगानं ठरवायची की मंत्रालयानं?

स्वायत्त म्हणजे बेजबाबदार, असंही नाही. २००२ चा गुणवाढ घोटाळा आयोगाच्या आतच झाला होता. म्हणून कलम ३२३ नुसार आयोगाला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. आयोगाचा सल्ला सरकारनं मानला नसेल, तर त्याची कारणं विधिमंडळापुढे ठेवावी लागतात.

यात आपला संबंध काय? सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं, की आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के आहेत. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. २००३ आणि २००४ च्या नागरी सेवा लेखी परीक्षेला बसलेल्यांत मुस्लिम ४.९ टक्केच होते, पण बसलेल्यांच्या यशाचं प्रमाण जवळपास इतरांइतकंच होतं. म्हणजे आपण आधी फॉर्म भरतानाच मागे पडतो. ज्याच्यामागे ओळख नाही, वशिला नाही, त्याला निष्पक्ष आयोगाची गरज सगळ्यांत जास्त.

तेव्हा आमदारांकडे चिठ्ठी मागायला जाऊ नका. आयोगात किती जागा रिकाम्या आहेत आणि का, हे विचारायला जा. आणि घरी गेल्यावर फॉर्मची शेवटची तारीख बघा.