मज्जातंतूचें वेष्टन आणि खोटा निरोप

एखादी गृहिणी चुलीवरून तापलेलें पातेलें उतरवते. बोटांना फोड येतात, परंतु चटका कांहीं जाणवत नाहीं. घरचीं माणसें तिच्या सोशिकपणाचें कौतुक करतात. वास्तविक येथें कौतुकाचें कांहीं नाहीं. बोटांकडून मेंदूकडे जाणारी वार्ता वाटेंतच अडकली आहे. ती कां अडकते हें समजण्यासाठीं त्या वाटेची रचना प्रथम पाहिली पाहिजे.

मलकापूरच्या स्थानकावर उभें राहिल्यास दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. भुसावळहून निघालेली पॅसेंजर लहानसहान स्थानकांवर थांबत येते. जलद गाडी मात्र मधलीं स्थानकें ओलांडून मलकापूर, शेगांव, अकोला अशा मोठ्या टप्प्यांनीं धांवते. मज्जातंतूंचेंही असेंच आहे. उघड्या, बारीक तंतूंतून संदेश सेकंदास सुमारें १ मीटर एवढ्या मंद गतीनें सरकतो. ज्या जाड तंतूंवर मायेलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें, त्यांत तो ५० मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगानें जातो. कारण त्या वेष्टनांत ठराविक अंतरावर उघड्या जागा असतात, व संदेश एकीवरून दुसरीवर उडी घेत पुढें जातो.

हातापायांच्या मज्जातंतूंवर हें वेष्टन गुंडाळण्याचें काम श्वान पेशी करतात. या नांवाचा कुत्र्याशीं संबंध नाहीं. थिओडोर श्वान (१८१०–१८८२) या जर्मन शास्त्रज्ञाचें तें नांव होय. प्रत्येक पेशी तंतूचा एक लहानसा तुकडा संभाळते व स्वतःचेंच पातळ आवरण त्याभोंवतीं वेढे घालीत गुंडाळते. परंतु वेढे किती घालावयाचे, हें तिला तंतूकडून कळतें. तंतूच्या पृष्ठावर न्यूरेग्युलिन नांवाचें प्रथिन असतें, आणि तें ओळखणारे अर्ब-बी-२ व अर्ब-बी-३ हे ग्राहक पेशीवर असतात. दोहोंची गांठ पडली कीं पेशीच्या अंतर्भागांत निरोप पोहोंचतो आणि वेष्टनाची सामग्री तयार होऊं लागते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत हें प्रथिन कमी असतां वेष्टन पातळ झालें, व तें वाढवितांच वेष्टन जाड झालें.

या संभाषणांत एक तिऱ्हाईत शिरतो. तो म्हणजे नॉर्वेंतील डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधलेला कुष्ठरोगाचा जंतु. श्वान पेशी हें त्याचें आवडतें घर. त्यांतही उघड्या तंतूंजवळच्या, वेष्टन न घालणाऱ्या पेशी त्यास अधिक मानवतात. उष्णतेची व वेदनेची वार्ता बहुतांशीं बारीक तंतूच नेतात, म्हणून चटका आधीं कळेनासा होतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांतील संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, हा जंतु न्यूरेग्युलिनवांचूनच अर्ब-बी-२ ग्राहकास चिकटतो आणि पेशीस वेष्टन टाकून देण्याचा खोटा निरोप देतो. वेष्टन टाकलेली पेशी त्याच्या वस्तीस सोयीची होते. पुढें शरीराची प्रतिकारशक्ति जंतूवर तुटून पडते, त्या सुजेनें तंतूही चिरडले जातात, आणि बोटें वांकडीं होतात.

मलकापूरहून याच लोहमार्गानें पूर्वेस गेल्यास बडनेऱ्याजवळ अमरावती व पुढें वर्धा लागतें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं, आणि अमरावतीस तपोवनांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं, समाजानें टाकलेल्या रुग्णांस आश्रय दिला. त्या काळीं आश्रय हाच मोठा उपचार होता. आज तशी स्थिति नाहीं. १९८१ पासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली असून, ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यांत औषधें विनामूल्य मिळतात, आणि तीं सुरू होतांच थोड्याच अवधींत रुग्णापासून इतरांस संसर्गाचें भय उरत नाहीं.

मात्र औषध जंतूस मारतें; मेलेला तंतु तें परत आणीत नाहीं. म्हणून अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून तेथें स्पर्श किंवा ऊनगार कळत नसेल, तर विलंब न करितां तपासणी करून घेणें हेंच शहाणपण. असा चट्टा दिसला म्हणून एका घरानें भांडीं घासणाऱ्या बाईस कामावरून काढलें, तर शेजारच्या घरची बाई आपला चट्टा पदराखालीं झांकील. त्या झांकण्यांत जे महिने जातात, तेच मज्जातंतु वांचविण्याचे महिने असतात.