आपल्या गटाने कॅमेरा कोणता घ्यावा?

(नारायणगड, जि. बीड येथे ऊसतोड कामगार बायांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या तिघीचौघी माझ्याजवळ येऊन बसल्या. "ताई, गटाकडं तीस हजार जमलेत. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करायचंय. कॅमेरा कोणता घ्यावा?" एकीने दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठीही आणली होती. चिठ्ठीवर मेगापिक्सेलचा आकडा होता, झूमचा आकडा होता, बॅग फुकट होती. माईकचे नाव कुठेच नव्हते. तेव्हा मी जे टिपण करून आणले होते ते बाजूला ठेवते आणि या चिठ्ठीवरच बोलते.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी इकडच्याच एका वस्तीवर एका ऊसतोड बाईशी बोलायला गेले. तुम्हांला ठाऊक आहे की २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आकडा मोठा होता, पण आकड्याला तोंड नसते. ते तोंड आपण दाखवावे असे मला वाटले. मी एका मित्राचा भारी कॅमेरा उसना घेतला, भिंग वेगळे, दांडा वेगळा. पत्र्याच्या घराबाहेर बाजेवर मावशी बसल्या. पहिली वीस मिनिटे त्या उचलीचे, मुकादमाचे, पोरांच्या शाळेचे बोलल्या. मग हळूहळू ऑपरेशनवर आल्या. डॉक्टर काय म्हणाला, पैसे कुणी दिले, किती दिवसांनी परत फडात उभ्या राहिल्या, सगळे सांगितले. दोनदा रडल्या. मी हलले नाही. मला वाटले, सगळे मिळाले.

घरी येऊन पाहिले. चित्र इतके सुरेख की मावशींच्या कपाळावरचे गोंदण मोजून घ्यावे. आणि आवाज? सगळा वारा. पत्रा वाजतोय, मागे ट्रॅक्टर चालू, मावशींचे ओठ हलतायत. त्यात कॅमेरा एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी आपोआप बंद पडला होता. पुष्कळ फोटोच्या कॅमेऱ्यांना ही मर्यादा असते. अर्धा तास किंवा जास्त चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून जादा जकात लागत असे, म्हणून कंपन्यांनी ती घातली. जकात युरोपातली आणि साक्ष बुडाली बीड जिल्ह्यातली! मी आठ दिवसांनी परत गेले. मावशींनी चहा दिला. म्हणाल्या, "एकदा सांगितलं की बाई. आता पुन्हा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं." त्यांचे बरोबर होते.

म्हणून माझे सांगणे असे की पैशाची वाटणी उलटी करा. आधी आवाजाचे घ्या, मग उभे करण्याचे, मग चित्राचे. अंधुक चित्रातली बाई लोक ऐकतात, पण ऐकू न येणारी बाई कितीही स्वच्छ दिसली तरी दोन मिनिटांत लोक उठून जातात.

कॉलरला लावायचा तारेचा माईक येतो. बोया कंपनीचा बीवाय-एमवन पुष्कळ जणी वापरतात. तार सहा मीटर लांब आहे, एका बटणावर तो फोनलाही चालतो आणि कॅमेऱ्यालाही, किंमत हजाराच्या आतबाहेर. त्यात बटणासारखी छोटी बॅटरी असते, एलआर ४४ नावाची. ती जास्तीची जवळ ठेवा. नव्या फोनांना गोल पिनेचे भोक नसते, त्यांना जोडणी वेगळी घ्यावी लागते, तीही घेताना दुकानातच लावून, बोलून, ऐकून पाहा. तोंडापासून साधारण एक वीत खाली माईक लावायचा. आता एक गोष्ट कुठल्याच माहितीपुस्तकात नसते, कारण ती लिहिणाऱ्याच्या गळ्यात मंगळसूत्र नसते. मणी माईकवर आपटतात. पदर घासतो, नायलॉनची साडी असेल तर जास्तच. म्हणून माईक मधोमध लावू नका, पोलक्याच्या काठाला खांद्याच्या बाजूला लावा आणि पदर दुसरीकडून घ्यायला सांगा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कानाला लावून ऐका, मगच बोलणे सुरू करा. गडावर वारा किती आहे ते सकाळपासून पाहताच आहात. अशा ठिकाणी माईकवरच्या स्पंजाने भागत नाही, भिंतीच्या आडोशाला बसावे लागते.

आता यंत्राकडे येते. चाळीसेक वर्षांपूर्वी हा प्रश्न वेगळा होता. 'युगांतर' हा फिल्म करणारा बायकांचा गट १९८० साली बंगळूरला सुरू झाला. त्यात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव होत्या, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. त्यांनी १९८१ साली पुण्याच्या घरकामगार बायांवर 'मोलकरीण' केली. पुढल्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर फिल्म केली. दोन्ही सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. चारशे फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते, आणि ते धुऊन येईपर्यंत काय मिळाले ते कळत नाही. तरी बायांच्या सभेचे, संपाचे चित्र त्यांनी उभे केले. १९८४ साली अहमदाबादला 'सेवा' संघटनेने व्हिडिओचे शिक्षण सुरू केले. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या बाया होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हा मला शिकवायला येऊन कुणी "आमच्या बायांना हे जमायचं न्हाई" म्हणाले की मी त्यांना अहमदाबादला पाठवते.

आज तुमच्यातल्या बहुतेकींच्या पिशवीत जो फोन आहे त्याने त्या फिल्मपेक्षा जास्त वेळ चित्रीकरण होते. फुल एचडीला मिनिटाला साधारण १३० एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीत चार तास. फोर-केच्या मोहात पडू नका, जागा तिपटीने जाते आणि आपल्या कामाला ते लागत नाही. म्हणून गटातल्या एकीचा फोन बरा असेल तर पहिले सहा महिने कॅमेरा घेऊच नका. माईक घ्या, तीन पायांचा स्टँड घ्या, फोन बसवायची पकड घ्या. तीन-साडेतीन हजारांत होते. फोन आडवा धरा, भिंग पदराने नको, सुती फडक्याने पुसा, आणि विमानाचे चिन्ह दाबून फोन बंद करा, नाहीतर ऐन बोलण्यात मुकादमाचा फोन येतो. बोटांनी ताणून चित्र जवळ आणू नका, त्याने चित्र फाटते. जवळ हवे असेल तर आपणच चालत जायचे. खोपीत बोलणे असेल तर बाईने दाराकडे तोंड करून बसायचे आणि आपण दाराकडे पाठ करून.

फोनचे हात कुठे तोकडे पडतात? संध्याकाळच्या अंधारात, मोर्चा लांबून घ्यायचा असेल तेव्हा, आणि छापायला मोठा फोटो लागतो तेव्हा. मग जुना, वापरलेला कॅमेरा घ्या. वीस ते तीस हजारांत भिंगासकट मिळतो. पण माईकचे भोक पाहा, आधी तेच पाहा. नवे ते चांगले हे इथे खरे नाही. निकॉनच्या २०१४ च्या डी ३३०० ला माईकचे भोक होते. २०१६ चा डी ३४०० आला तेव्हा ते काढून टाकले, २०१८ च्या डी ३५०० लाही नाही. कॅननच्या १३०० डी आणि १५०० डी यांनाही नाही, आणि दुकानदार नेमके तेच पुढे करतो. चिठ्ठीवरही त्यातलाच एक होता. कॅननचा ७०० डी आणि त्याच्यापुढचा २०० डी यांना भोक आहे, शिवाय मागचा पडदा वळवता येतो, म्हणजे खाली बसलेल्या बाईशी बोलताना आपल्याला तिच्या उंचीवर बसता येते. दोन्हींना तीस मिनिटांची ती मर्यादा आहेच. घड्याळ लावून बसा, पंचविसाव्या मिनिटाला आपणच थांबवा, पाणी द्या, परत सुरू करा. माईकचे भोक असलेला जुना हँडीकॅम मिळाला आणि फोटोची फार गरज नसेल, तर ग्रामसभेसाठी तो जास्त सोयीचा, तो तासभर चालतो.

वापरलेला घेताना ओळखीच्या भावाला पाठवू नका, दोघींनी स्वतः जा. भिंगातून विजेरीचा उजेड पाडा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर परत द्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग पाहा. किती फोटो निघालेत तो आकडा विचारा. अशा कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाखापर्यंत धरतात. बॅटरी फुगलेली नसावी, आणि दुसरी बॅटरी त्याच पैशांत मागा. आपल्याकडे वीज जाते ती वेळ सांगून जात नाही. आणि फडात धुळीत भिंग बदलू नका, सोबत येते तेच लावून ठेवा.

ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे फिरतात ते कॅमेरा बिघडला म्हणून नव्हे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असते. सेटिंगमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर एक-पन्नासांश ठेवा, पट्टे जातात.

आता ज्या प्रश्नासाठी मी खरी इथे आले त्याच्यावर. यंत्र कुणाच्या घरी राहणार? होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जात. त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात, तरी. आपल्याकडे कॅमेरा अध्यक्षाच्या मुलाकडे "शिकण्यापुरता" जातो आणि लग्नाच्या वऱ्हाडात फिरत राहतो. मी चार गटांत हे पाहिले आहे. वही ठेवा. कुणी नेला, कधी आणला, काय बिघडले, दोघींच्या सह्या.

आणि ज्या बाईचे चित्र आहे तिचे काय? तिला आधी दाखवा, मग पाठवा. गर्दीत "घेऊ का फोटो?" विचारले तर ती हो म्हणतेच, मुकादमासमोर नाही कशी म्हणेल? एकटीला विचारा, आणि उद्या बदलली तरी चालेल असे सांगा. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ७२. लहान मुलीच्या बाबतीत पोक्सोचे कलम २३ आहे. नुसता चेहरा झाकून भागत नाही. आवाज ओळखू येतो, घराचे दार ओळखू येते, गोंदण ओळखू येते. हात दाखवा, पाय दाखवा, पाठमोरी बसवा. फोनमधली जागा दाखवणारी सोय बंद ठेवा. पुढेमागे कोर्टात लागेल असे वाटले तर मूळ फाइल कापू नका. व्हॉट्सॲपवर पाठवून तीच जपली असे समजू नका, तिथे ती दाबून लहान होते. मूळ दोन ठिकाणी जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी कुठल्या यंत्रातून कधी उतरवले ते वहीत असले की वकिलाचे काम सोपे होते.

त्या मावशींचे चित्रीकरण माझ्याकडे अजून आहे. मी ते कुणाला दाखवत नाही. अधूनमधून आवाज बंद करून पाहते, एवढेच.

दुपारी जेवणानंतर दोन माईक आणि चार फोन इथे ठेवते. दोघीदोघींनी जोड्या करा. आधी एकीने दुसरीला पाच मिनिटे बोलते करायचे, विषय काहीही, भाकरी कशी थापता हे सांगितले तरी चालेल. बाहेर वाऱ्यात एकदा आणि भिंतीच्या आड एकदा. मग डोळे मिटून ऐकू.