आपापल्या अंगाचा फटका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून डॉक्टर बोलले, बँकेतले बोलले, गावाकडची शेती सांभाळणारे बोलले. माझं नाव पुकारल्यावर मागून आवाज आला, "हा आता श्रीमंतांचा खेळ सांगणार!" खेळ श्रीमंतांचा खरा, पण मी त्यात शिरलो तो पिशव्या उचलायला. १९८१ साली दहावी झाल्यावर आपल्या महाड-पोलादपूरच्या कितीतरी पोरांसारखा मीही मुंबईची एस.टी. धरली. खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याला गोल्फमध्ये कॅडी म्हणतात. मी कॅडी झालो, हळूहळू खेळायला शिकलो आणि आता बरीच वर्षं शिकवतो. शिकवताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "माझा स्विंग बरोबर आहे का?" त्यावरच चार शब्द बोलतो.

गोल्फची काठी फिरते तेव्हा तिचं टोक हवेत एक तिरका गोल काढतं. तो गोल ज्या उतारावर असतो, त्याला स्विंग प्लेन म्हणतात. आपल्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. कुणाचं छप्पर उभट, कुणाचं पसरट. फटक्याचंही तसंच. बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ च्या आपल्या पुस्तकात हे समजवायला काचेची कल्पना वापरली : चेंडूपासून खांद्यांपर्यंत एक तिरकी काच टेकवलेली आहे, आणि डोकं तिच्यातून वर निघालंय.

आपल्याला त्याहून सोपं उदाहरण आहे. जमिनीवरचा ओंडका फोडताना कुऱ्हाड डोक्यावरून सरळ खाली येते. उभं झाड तोडताना ती आडवी फिरते. गोल्फचा फटका या दोन घावांच्या मधला. फार उभा झाला तर काठी माती खणते. फार आडवा झाला तर चेंडूच्या आधी जमीन लागते, नाहीतर चेंडूचा नुसता माथा घासला जातो.

मधला म्हणजे नेमका किती, हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं. उंच, लांब हातांच्या माणसाचा उतार सहसा उभट असतो. बुटका, रुंद छातीचा माणूस पसरट फिरवतो. शिवाय काठीप्रमाणे उतार बदलतो. ड्रायव्हर ही सर्वांत लांब काठी, साधारण ४५ इंचांची. ती घेऊन चेंडूपासून लांब उभं राहावं लागतं, म्हणून फटका पसरट होतो. वेज ही काठी त्याहून जवळजवळ दहा इंच आखूड, तिचा फटका उभट. जिम हार्डी या प्रशिक्षकाने २००५ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं आणि दोन घराणी सांगितली. एकात माणूस कमरेतून जास्त वाकतो, हात खांद्यांच्याच उतारावर फिरतात. दुसऱ्यात तो ताठ उभा राहतो, हात खांद्यांच्या वर उचलले जातात. दोन्ही चालतात. दोघांची अर्धी-अर्धी खिचडी मात्र चालत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी जेमतेम साडेपाच फुटांचा, अंगाने रुंद, हात आखूड. सुरुवातीला एका शिकवणाऱ्याने मला सहा फुटी खेळाडूचा फटका जसाच्या तसा करायला लावला. ताठ उभं राहायचं, हात आभाळात. आठ महिन्यांत कंबर धरली. घरात कमावता मी एकटा, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि मला पाण्याची बादली उचलवेना. तेव्हा आमच्यातला एक वयस्कर कॅडी म्हणाला, "गावाला झाड कसं तोडायचास? तसा उभा राहा बघू." मी राहिलो. तो म्हणाला, "हाच तुझा उतार. यातूनच मार." हळूहळू कंबर सुटली, आणि पुढची सगळी वर्षं पोट भरलं ते त्या उतारावर.

आता जगातली दोन उदाहरणं. जिम फ्युरिकची काठी वर जाताना सरळ आभाळाकडे जाते आणि खाली येताना वळसा घेऊन भलत्याच वाटेने येते. बघणारे हसायचे. त्याचा गुरू त्याचा बापच. बापाने तो फटका मोडला नाही. त्याच फटक्यावर पोराने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला.

दुसरा पापवा सेवगोलम, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी. सगळे उजवा हात खाली धरतात, हा डावा खाली धरायचा. त्याच पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ ची डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकला, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत घेतलं नाही. चषक बाहेर पावसात उभं राहून घ्यावा लागला. त्याची पकड कुणी बदलली नाही, आणि त्याचा विजयही कुणाला नाकारता आला नाही.

म्हणजे कसंही मारलं तरी चालतं का? नाही. महाडहून पुण्याला वरंध घाटाने जा, माणगाववरून ताम्हिणीने जा, नाहीतर पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर-वाईमार्गे जा. वाट तुमची, पण पोचायचं पुण्यालाच. काठी चेंडूला लागते त्या क्षणी तिचं तोंड निशाणाकडे हवं आणि वाट चेंडूतून पुढे जाणारी हवी. तिथे कुणालाच सूट नाही, फ्युरिकलासुद्धा.

आपला उतार शोधायची सोपी युक्ती सांगतो. ताठ उभे राहा. काठी कमरेच्या उंचीवर आडवी, सावकाश फिरवा. फिरवता फिरवता कमरेतून थोडं थोडं वाका. टोक गवताला हलकं घासायला लागलं की थांबा. न ताणता, न तोल जाता जो उतार मिळाला, तो तुमचा. मग खुर्चीत बसून, छातीवर काठी आडवी धरून, दोन्ही बाजूंना वळून बघा. आपल्या वयात अंग पूर्वीइतकं वळत नाही. फटका छोटा ठेवा, डावी टाच उचलली तरी चालेल. विशीतला उतार साठीत हट्टाने धरायचा नाही.

शेवटी गुरुजनांसाठी. आपल्या वर्गातला डावखुरा मित्र आज समोर बसलाय. त्या काळी डावऱ्या पोरांच्या हातावर पट्टी बसायची. आपल्या मराठीच्या बाईंनी त्याची वही फक्त तिरकी करून ठेवली, आणि अक्षर मात्र सुधारेपर्यंत गिरवून घेतलं. काय मोडायचं नाही आणि काय सुटू द्यायचं नाही, हे दोन्ही त्यांना कळत होतं. शिकवणारा म्हणून मी आजही तेवढंच करायचा प्रयत्न करतो. मोबाइलवर कुणा मोठ्या खेळाडूचा फटका दाखवून "माझ्या मुलाला हाच शिकवा" म्हणणाऱ्या पालकांना मी आधी मुलाला चालायला लावतो, दगड फेकायला लावतो, आणि मग काठी हातात देतो.

गाडीत चार काठ्या आणि टोपलीभर चेंडू आहेत. जेवणानंतर शाळेच्या मैदानावर या, गुडघे दुखणाऱ्यांनीही या. खिडक्यांच्या बाजूला तोंड करून मात्र कुणी मारायचं नाही.