संकटातील तरुण मनाची सोबत
(भाषणातील निवडक अंश)



आमच्या केंद्रात आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी नातलगांना सांगितले, 'ती आजोळी गेली आहे.' पुढे स्थळ येणार नाही, ही भीती! ती मी समजू शकते. परंतु लपविण्यात मौल्यवान दिवस गेले होते. सुरुवातीचे दिवस उपदेशाचे नसतात. शांत झोप, अखंड सोबत आणि घरातील औषधे, कीटकनाशके कुलपात. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही गृहीत धरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक कृपया आजच घरी लिहून ठेवावा.