तुमच्या माहेरचा एक शब्द

कुणी कामं आवरून बसल्या असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही एका कवयित्रीची ओळख करून देणार आहोत. नाव सुजाता भट्ट.

सुजाताताई मूळच्या गुजराती. जन्म १९५६ चा, अहमदाबादचा. लहानपण मात्र आपल्या पुण्यात गेलं. १९६८ मध्ये त्या घरच्यांबरोबर अमेरिकेला गेल्या आणि पुढं जर्मनीत राहिल्या. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी. अशा बाईला कुणी विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’ तर तिनं काय सांगावं?

हा प्रश्न आपल्याला तरी कुठं नवा आहे? माहेरी आपण परक्याचं धन, सासरी बाहेरून आलेली. ऊसतोडीला गेलेली बाई पाच-सहा महिने कोपीत राहते. तिथं ती परमुलखातली. आमच्या गटात लग्न होऊन कर्नाटकातून आलेली एक मैत्रीण आहे. तिच्या मराठीला लोक हसायचे, म्हणून बैठकीत ती नुसती सही करून बसायची. मुलगी आजारी पडली तेव्हा तिला पैसे हवे होते. गटाकडं शब्द टाकायची भीती वाटली, म्हणून ती सावकाराकडं गेली. बोलता न येण्याची किंमत अशी मोजावी लागते.

सुजाताताईंची एक कविता आहे, ‘सर्च फॉर माय टंग’. इंग्रजीत ‘टंग’ म्हणजे जीभ आणि भाषासुद्धा. तोंडात दोन जिभा असल्या तर काय होतं, असं ती विचारते. परक्या मुलखात राहून आईची भाषा कुजून गेली असेल, अशी तिला धास्ती आहे. पण रात्री स्वप्नात त्याच भाषेला पुन्हा कोंब फुटतो. कविता इंग्रजीत असूनही मधल्या ओळी त्यांनी सरळ गुजरातीत लिहिल्या आहेत. दोन्हींतली एक भाषा निवडा, असं कविता कुणाला म्हणत नाही.

त्यांचं पहिलं पुस्तक १९८८ मध्ये आलं. त्याचं नाव ‘ब्रुनिझेम’. हे एका काळपट तपकिरी मातीचं नाव आहे. ही माती आशियात, युरोपात आणि उत्तर अमेरिकेतही सापडते. त्या जिथं जिथं राहिल्या, तिथं तिथं. शेतात राबणाऱ्या आपल्याला हे लगेच उमगतं.

आपल्या आज्ज्यांनी जात्यावर हेच केलं. सासरच्या घरात बसून माहेरचं गाव, भाऊ, आई ओवीत आणली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायांना लिहिता येत नव्हतं.

म्हणून आम्ही गटात एक रीत सुरू केली. बैठकीच्या शेवटी एकीनं आपल्या बोलीत चार ओळी म्हणायच्या. आमच्या त्या मैत्रिणीनं कानडीत आईवर चार ओळी म्हटल्या आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगितला. कुणी हसलं नाही. दोन महिन्यांनी शेळीसाठी तिनं स्वतः कर्ज मागितलं. मराठी अजून अडखळतेच, पण ती आता मध्येच गप्प बसत नाही.

तुमच्याही गटात करून बघा. वही-पेन लागत नाही. आपलं नाव, माहेरचं गाव, आणि सासरी कुणी बोलत नाही असा माहेरचा एक शब्द, एवढ्यावर चार ओळी होतात. यमक जुळलं नाही तरी चालेल. दुसरीची बोली मात्र कुणी सुधारायची नाही. घरात लांबून आलेली सून असेल, तर आज रात्री जेवताना तिला विचारा, ‘तुमच्याकडं याला काय म्हणतात गं?’