परिचारिकेने प्रथम बोलावे



हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेला रुग्ण घरी निघतो तेव्हा मीठ किती, चालणे किती, गोळ्या कोणत्या वेळी, या सर्व बाबी आपण परिचारिका त्याला तत्परतेने समजावून देतो. परंतु पतिपत्नींच्या शरीरसंबंधाविषयी डिस्चार्ज कार्डावर एक अक्षरही नसते, आणि ज्याविषयी रुग्णालय मौन पाळते ते वर्ज्यच असले पाहिजे, अशी समजूत ती दोघे परस्परांना न विचारता करून घेतात. मुलगा बिलाच्या खिडकीकडे गेला असे पाहून पत्नी खालच्या आवाजात विचारते, ‘‘सिस्टर, ह्यांचं अंथरूण आता वेगळं घालायचं का?’’ आपण म्हणतो, ‘‘डॉक्टरांना विचारा’’. आणि डॉक्टर तर राउंड आटोपून केव्हाच गेलेले असतात.

या प्रश्नाला उत्तर आहे. ज्याला झटक्यानंतर गुंतागुंत उद्भवलेली नाही आणि बेताच्या श्रमाने छातीत दुखत नाही वा धाप लागत नाही, त्याला आठवड्यानंतर समागमाची मुभा देण्यास हरकत नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली नमूद केले. बायपास झालेल्यांसाठी, छातीचे हाड सांधेपर्यंत, सहा ते आठ आठवड्यांची मुदत सांगितली. समागमाचे श्रम दोन जिने चढण्याइतकेच आहेत. पुढच्याच वर्षी अशा समुपदेशनाविषयी अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांचे जे संयुक्त निवेदन निघाले, त्याच्या अग्रणी एलेन स्टाइन्के आणि टिनी यार्स्मा या परिचर्याशास्त्राच्याच प्राध्यापिका होत्या, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मौनाची किंमत केवळ दुरावा एवढीच नाही. विचारण्याची सोय नसलेला पुरुष औषधांच्या दुकानातून लिंगताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी गुपचूप आणतो, छातीत कळ आली की सवयीने सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतो, आणि दोहोंच्या संयोगाने त्याचा रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. सिल्डेनाफिलनंतर चोवीस तास आणि त्याच वर्गातील टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देऊ नये, हे आपण पाठ केलेले असते. पण कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाला, नातेवाइकांना पडद्याबाहेर ठेवून, ‘‘अशी गोळी घेतली होती का?’’ असे सरळ विचारण्याचा संकोच मात्र अद्याप सुटलेला नाही.

स्त्रीरुग्णांची उपेक्षा तर अधिकच. अमेरिका व स्पेनमधील पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, झटक्यानंतरच्या महिन्यात डॉक्टरांशी हा विषय बोललेले पुरुष शेकडा १९ होते, तर स्त्रिया अवघ्या १२. जणू काही बाईचे हृदय बरे झाले म्हणजे तिचे सर्वच बरे झाले!

आपला समाज लाजाळू आहे, ही सबब मला मान्य नाही. ज्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना अश्लीलतेचे खटले सोसले, तेथे शिकलेल्या परिचारिकेला शास्त्राने सांगितलेली चार वाक्ये बोलताना कसली भीती असावी?

म्हणून माझी सूचना अशी, की डिस्चार्जच्या नोंदीत शरीरसंबंधाविषयीच्या सल्ल्याचा स्वतंत्र रकाना असावा; दोघांशी एकत्र, आणि हवे असल्यास वेगवेगळे, बोलण्यासाठी वॉर्डालगत आडोशाची जागा असावी; आणि ‘‘पुष्कळांना ही शंका असते, आपल्यालाही असेल’’ असा आरंभ परिचारिकेनेच करावा. या आशयाचा ठराव मी परिचारिकांच्या या सभेपुढे मांडीत आहे.