महिला महाविद्यालय आणि विद्यापीठ : नाते केवळ परीक्षेचे नसावे



महिला महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते, म्हणजे नेमके काय असते? अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, एवढाच अर्थ आपण सामान्यतः घेतो. परंतु विद्यापीठ हा विद्यार्थ्यांचाही एक समाज असतो. त्या समाजात विद्यार्थिनीला बरोबरीचे स्थान आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न होय.

या संदर्भात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा इतिहास बोधप्रद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात तेथे अध्ययन केल्यामुळे हे नाव आपणांस परिचित आहे. तेथील अध्यक्ष फ्रेडरिक बार्नर्ड यांनी १८७९ पासून स्त्रियांना प्रवेश द्यावा असा आग्रह धरला. विश्वस्तांनी तो मानला नाही. १८८३ मध्ये तडजोड निघाली ती अशी, की स्त्रियांनी परीक्षा द्यावी, मात्र व्याख्यानांना बसू नये! अ‍ॅनी नेथन मायर या तरुणीने १८८५ मध्ये या योजनेत नाव नोंदविले. वर्गाविना परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, हे तिला लवकरच उमगले. तिच्या पुढाकाराने १८८९ मध्ये एका भाड्याच्या घरात महिला महाविद्यालय सुरू झाले. त्याला बार्नर्ड यांचेच नाव देण्यात आले.

१९०० च्या कराराने हे महाविद्यालय विद्यापीठाचे अंग बनले. विश्वस्त मंडळ, अध्यापकवर्ग आणि अर्थव्यवहार त्याचे स्वतःचे. पदवी मात्र कोलंबियाची. १९११ ते १९४७ या काळात अधिष्ठाता असलेल्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांनी विद्यापीठाच्या इतर शाखांची दारेही स्त्रियांसाठी उघडावीत म्हणून प्रयत्न केले. १९१७ मध्ये वैद्यकीय शाखेत स्त्रियांना प्रवेश मिळाला.

पुढे कोलंबियाच्या मुख्य महाविद्यालयाने १९८३ मध्ये मुलींना प्रवेश दिला. त्यापूर्वी दोन्ही संस्थांच्या विलीनीकरणाचा विचार झाला होता. परंतु १९८२ च्या कराराने बार्नर्डने आपले स्वतंत्र अस्तित्व राखले. आज मधला ब्रॉडवे रस्ता ओलांडून विद्यार्थी एकमेकांच्या संस्थेतील वर्गांना बसतात. दोन्हीकडील मुली क्रीडास्पर्धांत एकाच संघातून उतरतात.

हार्वर्डमध्ये वेगळे घडले. तेथील रॅडक्लिफ महिला महाविद्यालयाला १८९४ मध्ये सनद मिळाली. १९४३ नंतर मुली हार्वर्डच्या वर्गांत बसू लागल्या, तरी लॅमाँट ग्रंथालय त्यांना १९६७ पर्यंत बंद होते. १९९९ मध्ये रॅडक्लिफ हार्वर्डमध्ये पूर्णतः विलीन झाले.

करारांनी दारे उघडतात. मने उघडतीलच असे नाही. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी बार्नर्डच्या पदवीदान समारंभात भाषण केले. ते स्वतः कोलंबियाचे पदवीधर. हा मान महिला महाविद्यालयास मिळाला म्हणून त्या वेळी विद्यार्थिनींविषयी हिणकस शेरे मारले गेले. शंभराहून अधिक वर्षांच्या सहवासानंतरही 'तुमची पदवी खरोखर आमचीच का?' असा प्रश्न शिल्लक राहिला होता.

आपल्याकडे महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठच उभारले. त्याखेरीज अन्य विद्यापीठांशीही अनेक महिला महाविद्यालये संलग्न आहेत. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलीला विद्यापीठ भेटते ते बहुधा परीक्षेच्या अर्जात आणि गुणपत्रिकेत. म्हणजे १८८३ ची ती तडजोड आपण नकळत चालवीत तर नाही ना, याचा विचार झाला पाहिजे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात विद्यार्थी परिषद आणि विद्यार्थी विकास मंडळ यांची तरतूद आहे. तिचा लाभ या मुलींपर्यंत पोहोचविणे हे प्राचार्यांचे आणि अधिकाऱ्यांचे काम आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना बसता यावे, युवक महोत्सवाच्या आणि क्रीडासंघांच्या निवडीची सूचना त्यांना वेळेवर मिळावी, आणि कार्यक्रम शेवटची एस.टी. सुटण्यापूर्वी संपावेत, या गोष्टी लहान वाटतात. पण बरोबरी त्यांतूनच घडते. पंचायत सदस्यांनीही पालकांशी बोलून, मुलीने विद्यापीठाच्या शिबिरास जाणे हा शिक्षणाचाच भाग आहे, असा विश्वास त्यांना दिला पाहिजे.

महिला महाविद्यालयाचे वेगळेपण टिकावे. त्यामुळे मुलींना आत्मविश्वास आणि नेतृत्वाची संधी मिळते. परंतु वेगळेपण म्हणजे दुरावा नव्हे. पदवीवर ज्या विद्यापीठाचे नाव आहे, ते आपलेही आहे, असे प्रत्येक विद्यार्थिनीस वाटले, तरच संलग्नता या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.